मेळाव्यातील पंगत आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय

सुगी आटोपली की नगर जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वार्षिक मेळावा भरत असे. आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे आदल्या संध्याकाळीच येत आणि रात्री पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने उपासना मंदिराच्या आवारात कीर्तन रंगे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांचे अभंग तेव्हा वडीलधाऱ्यांना मुखोद्गत असत. तरीही काही पाहुण्यांना टाळ म्हणजे जुन्या धर्माचा अवशेष वाटे, तर आमच्यातील काहींना त्या पाहुण्यांचे हात उंचावून प्रार्थना करणे हा निव्वळ देखावा वाटे.

खरी कुजबुज पंगतीत चाले. मेळावा बहुधा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात येत असल्यामुळे काही कुटुंबे मांसाहार वर्ज्य करीत, तर काही जण मटणाच्या रश्श्यावर निःसंकोच ताव मारीत. बाळपणी कपाळावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खरा की जाणत्या वयात नदीत बुडवून घेतलेला, हा वाद तर ताटे उचलली तरी मिटत नसे. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, तेव्हा सहा चर्चसंस्थांनी बाप्तिस्म्याच्या या दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य केल्या होत्या. पण घटनेत मान्य झालेली गोष्ट पंगतीत मान्य व्हायला वेळ लागतो, आणि ‘नामधारी ख्रिस्ती’ हा शिक्का मारणे त्या मानाने फारच सोपे असते.

एका वर्षी आमच्या वृद्ध पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सकाळच्या उपदेशासाठी बायबलमधील रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, चौदावा अध्याय घेतला. रोमच्या मंडळीत कोणी केवळ भाजीपाला खात, कोणी सर्व काही खात. कोणी एखादा दिवस विशेष मानी, तर कोणाला सगळे दिवस सारखेच असत. कोणतेही अन्न मुळात अशुद्ध नाही, हे आपले मत पौल लपवीत नाही, तरीही खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे तो दोघांनाही बजावतो, कारण चाकर दुसऱ्याचा आहे आणि त्याने जाब द्यायचा तो त्याच्या धन्याला. आपल्याला अधिक कळते असे मानणाऱ्याचा तुच्छभाव आणि आपण अधिक पवित्र आहोत असे मानणाऱ्याचा दोषारोप, हे दोन्ही पाळकांनी इतके नेमके उलगडून दाखवले की दुपारच्या पंगतीत दोन्ही बाजूंचे लोक जरा अवघडूनच बसले होते.

याच उपदेशाचा आधार घेऊन पुढे एका गृहस्थांनी मेळाव्याच्या वर्गणीतील गोंधळावर ‘दोष काढू नका’ या वचनाचे पांघरूण घालू पाहिले. वडील मंडळींनी ते चालू दिले नाही, आणि माझ्या मते ते योग्यच होते. आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढ, असे सांगणारा प्रभू भावाच्या डोळ्यातील कुसळ तसेच राहू दे, असे म्हणत नाही. मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आधी एकच जण त्या गृहस्थांच्या घरी एकांतात बोलायला गेला, आणि मांडवात त्या गोंधळाचा उच्चारही झाला नाही. पुढल्या वर्षी त्याच गृहस्थांकडे वाढप्यांची जबाबदारी होती, आणि वर्गणीच्या वहीवर दोघांच्या सह्या घेण्याची पद्धत सुरू झाली होती.