व्हर्जिन नदीच्या नॅरोजमध्ये : आधी विसर्ग पाहावा, मग आभाळ

युटामधील झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेने नावाहो वालुकाश्म चिरून जी अरुंद घळ कोरली आहे, तिला नॅरोज म्हणतात. येथे वेगळी पायवाट नाही. नदीचे पात्र हीच वाट. आम्ही सप्टेंबरअखेरीस गेलो तेव्हा विसर्ग 50 क्युसेकच्या आसपास होता. खडकवासल्यातून हजारो क्युसेक पाणी सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. मात्र वॉल स्ट्रीट नावाच्या भागात दोन कड्यांमधील अंतर जेमतेम 20 ते 30 फूट उरते, पाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरते आणि तळाशी नारळाएवढे गुळगुळीत गोटे पायाखालून सरकत राहतात. 70 क्युसेकच्या पुढे चालणे कष्टाचे होते आणि 150 ओलांडले की उद्यान प्रशासन ही वाट बंद करते.

खालच्या अंगाला दरी रुंद का, याचे उत्तर खडकांत आहे. तेथे वालुकाश्माखालचा मऊ कायेंटा थर उघडा पडला आहे. नदी तो पोखरते आणि वरचे कडे कोसळून दरी रुंदावत जाते. नॅरोजमध्ये नदी अजून वालुकाश्मच कापते आहे. याच सच्छिद्र दगडात मुरलेले पाणी कड्यांतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून शरद ऋतूतही पात्र वाहते राहते.

वसंतात बर्फ वितळून येणारी वाढ आठवडेच्या आठवडे टिकते आणि विसर्गाच्या नोंदीत स्पष्ट दिसते. जुलै ते सप्टेंबरमधील वादळी पावसाचा लोंढा मात्र वेगळा. विसर्ग मोजणारे नोंदकेंद्र उद्यानाच्या प्रवेशद्वारालगतच्या स्प्रिंगडेल गावाजवळ, म्हणजे घळीच्या खाली असल्याने, तेथे आकडा चढण्याआधीच पाणी तुमच्यापर्यंत पोहोचलेले असते. त्यामुळे सकाळी विसर्गाइतकाच हवामान खात्याचा अचानक पुराचा अंदाज पाहावा. आपल्या डोक्यावरचे आभाळ निरभ्र आहे, यावर विसंबू नये, कारण पाऊस वरच्या पाणलोटात पडतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर मागे पळण्यापेक्षा जवळची उंच जागा गाठावी.

घळीच्या खालच्या टोकाकडील टेंपल ऑफ सिनावावा या शटल बसच्या थांब्याकडून प्रवाहाविरुद्ध बिग स्प्रिंगपर्यंतच्या सुमारे 5 मैलांना परवाना लागत नाही. वरच्या टोकाच्या चेंबरलेन्स रँचकडून 16 मैल उतरायचे असल्यास तो लागतो, आणि विसर्ग 120 च्या वर असल्यास मिळत नाही. बूट व काठी स्प्रिंगडेलमध्ये भाड्याने मिळतात. माझ्या मते काठीवर कंजूषी करूच नये. सुती कपडे टाळावेत. नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले असल्याने डोके बुडवू नये आणि पिण्याचे पाणी बरोबरच न्यावे. साध्या गाळणीने ते विष जात नाही. परतीला प्रवाहाबरोबर चालणे सोपे असले, तरी शेवटच्या शटल बसची वेळ निघतानाच पाहून ठेवावी.