बालीतली उघडी गाडी आणि परमिटचे चार हेलपाटे

आधी कामाचं सांगते. परदेशात गाडी चालवायचं परमिट, ज्याला सगळे आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) म्हणतात, ते काढायला व्हिसाची प्रत लागत नाही. डॉक्टरचा दाखलाही लागत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं जानेवारी 2021 मध्ये अधिसूचना काढून या दोन्ही अटी रद्द केल्या आहेत. हे मला माहीत होतं, आरटीओच्या खिडकीपलीकडच्या माणसाला माहीत नव्हतं. त्यापायी माझे चार हेलपाटे झाले आणि अकरा दिवस गेले. अजून आठवलं की डोकं तापतं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं बालीला गेलो. हे गाडी चालवत नाहीत, मी चालवते. माझे अप्पा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि मालकाची उघडी जीप कायम त्यांच्या हातात असायची. जांबोटीच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी झाडी, त्या जीपवर मी एकोणिसाव्या वर्षी क्लच सोडायला शिकले. तेव्हापासून उघड्या गाडीचं वेड आहे. बालीत जुन्या फोक्सवॅगन 181 भाड्यानं मिळतात हे कळलं आणि माझं ठरलं. कापडी टप मागं दुमडतो, दारं उचलून काढता येतात, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. तिथं तिला 'सफारी' म्हणतात. 'चामत' असंही जुनं नाव आहे. चामत म्हणजे तिथला तालुक्याचा साहेब, आपल्या तहसीलदारासारखा. एके काळी सरकारनं या साहेबांना ह्याच गाड्या दिल्या होत्या, म्हणून ते नाव पडलं.

या गाड्या बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरसकटच देतात. स्वतः चालवायला देणारा मालक शोधायला मला तीन आठवडे लागले. उबुदमधला एकजण तयार झाला. त्याची अट एकच, आयडीपीचा फोटो आधी पाठवा. अट बरोबरच होती. परमिट नसताना अपघात झाला तर प्रवासाच्या विम्याची कंपनीही हात वर करू शकते.

अर्ज सरकारच्या लायसन्सच्या 'सारथी' पोर्टलवर भरला. फॉर्म 4ए, पासपोर्ट, लायसन्स, फोटो, फी हजार रुपये. इथवर अर्धा तास लागला. लायसन्स माझ्या माहेरच्या नावावर होतं, पण ते नूतनीकरणाच्या वेळीच बदलून घेतलं होतं म्हणून वाचले. बायकांनी हे आधी बघावं. लायसन्सवरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर पहिलं काम तेच करा, परमिटचं नंतर.

मग कागद दाखवायला ऑफिसात जायचं. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसानं कागद उलटसुलट बघितले आणि विचारलं, "वीसा एल्लि?" मी कन्नडमधूनच सांगितलं की बालीला व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो, आधी कुठून आणू? तो म्हणाला, यादीत व्हिसा लिहिलाय. "नाळे बर्री." म्हणजे उद्या या.

भाषेवरून अडवलं असं कुणी समजू नये. माझं कन्नड चांगलं आहे, शाळेत माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी. त्याच्या मागं भिंतीवर एक छापील यादी चिकटवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. त्या यादीत व्हिसा होता, मेडिकल होतं. यादी बदलायची कुणी तसदीच घेतली नव्हती आणि तो माणूस त्या कागदाशी प्रामाणिक होता.

दुसऱ्यांदा अधिसूचनेची छापील प्रत घेऊन गेले. ती त्यानं हातातही घेतली नाही. "आम्हाला सर्क्युलर आलेलं नाही," म्हणाला. वर मेडिकलचंही काढलं, फॉर्म 1ए डॉक्टरकडून भरून आणा. मी वाद घातला नाही आणि तिथंच चुकले. ओळखीच्या डॉक्टरांकडून शिक्का मारून आणला. न लागणारा एक कागद दिला की दुसरा मागायला वाट मोकळी होते. तिसऱ्या खेपेला तेच झालं. मेडिकल ठेवून घेतलं आणि व्हिसासाठी पुन्हा परत पाठवलं. बाहेर एजंट उभा होता. "मॅडम, मी करून देतो, व्हिसाबिसा काही नको," म्हणाला. म्हणजे व्हिसा लागत नाही हे रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक आणि आत बसलेल्याला नाही! त्या दिवशी बसस्टॉपवर उभी राहून मला रडूच आलं. जायला सतरा दिवस उरले होते.

हे म्हणाले, ड्रायव्हरची गाडी घेऊ, मी मागं बसतो, तू पुढं बस. मी नाही म्हटलं.

त्या रात्री मी इंडोनेशियाच्या इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर ई-व्हिसा काढला. 'ऑन अरायव्हल'चाच तो ऑनलाइन प्रकार, पाच लाख रुपिया (तिकडचं चलन, आपले रुपये नव्हेत), तीस दिवस राहता येतं. मिळाल्यापासून नव्वद दिवसांत तिथं पोचावं लागतं, म्हणून फार आधी काढू नका. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. प्रिंट काढली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

चौथ्या दिवशी खिडकीवर गेले तेव्हा ती प्रिंट मी बाहेर काढली नाही. एक साधा अर्ज लिहून नेला होता. 'व्हिसा नसल्याच्या कारणावरून माझा अर्ज नाकारला आहे, तसं सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावं.' खाली अधिसूचनेचा उल्लेख. दोन प्रती, एकीवर पोच हवी म्हटलं. त्यानं अर्ज दोनदा वाचला, उठला आणि आत घेऊन गेला. दहा मिनिटांनी मला आत बोलावलं. आतल्या साहेबांनी अधिसूचना शेवटपर्यंत वाचली, पेनानं एका ओळीखाली रेघ मारली आणि त्या माणसाला म्हणाले, "करून टाक." परमिट तीन दिवसांनी हातात पडलं. व्हिसाची प्रिंट पर्समध्ये तशीच होती. मला त्याचा फार अभिमान वाटतो, आजही.

तेव्हा लेखी मागा. आवाज चढवायची गरज नाही. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

परमिट हातात आलं की तिथंच उघडून बघा. मोटारीसाठी 'बी' वर्गावर शिक्का हवा, नुसत्या 'ए'वर असेल तर ते दुचाकीचं झालं. मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स न्यायचंच, परमिट एकट्यानं चालत नाही. बालीत परदेशी पाहुण्यांसाठी दीड लाख रुपियांचा वेगळा करही आहे, फेब्रुवारी 2024 पासून. तो ऑनलाइन भरून ठेवला की विमानतळावर रांग नको.

पुढचं सगळं सुरळीत झालं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूर, तिथून सरळ विमान. तिकडंही गाड्या डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडं, त्यामुळं हात लगेच बसला. चार गिअर, एसी नाही, इंजिन मागं आणि वाऱ्यावर थंड होणारं, त्यामुळं रेडिएटरच नाही. मालकानं चावी देण्याआधी डॅशबोर्डवर पानाचं छोटं द्रोणासारखं तबक ठेवलं, आत फुलं, चार दाणे भात आणि उदबत्ती. त्याला 'चनांग' म्हणतात. दर 210 दिवसांनी 'तुंपेक लांडेप' येतो, त्या दिवशी लोखंडाची हत्यारं आणि गाड्या पुजतात, असं तो म्हणाला. मी त्याला आपल्या खंडेनवमीचं सांगितलं, झेंडू आणि चाकाखाली लिंबू. त्यानं लिंबाचं पुन्हा पुन्हा विचारलं.

तेगलालांगची भाताची खाचरं ओलांडून किंतामणीपर्यंत चढलो. टप मागं, काच पाडलेली, ह्यांनी टोपी दोन्ही हातांनी धरलेली. वर पेनेलोकानला गाडी बाजूला लावली, समोर बातूरचा डोंगर आणि खाली तळं. तिथून अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना आता नीट दिसत नाही. मी फोन गाडीच्या मागच्या बाजूला नेला आणि ह्यांना इंजिन चालू करायला सांगितलं.

अप्पा बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज मागनं येतोय की गे," म्हणाले. "आणि उतरताना दुसऱ्यातच ठेव. ब्रेकावर नको येऊस."

दुसऱ्या गिअरमध्येच उतरले.