शेरेबुकातली ओळ

टीव्ही कपाटात होता. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून, वर शालेय पोषण आहाराच्या जुन्या नोंदवह्यांची चळत. चादर सोडली तर काठावर उद्घाटनाचं हळदकुंकू अजून तसंच. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही घेतला, नारळ फुटला, फोटो निघाले आणि टीव्ही कपाटात गेला. त्याला चार वर्षं झाली होती.

माझ्या हातात निरीक्षण प्रपत्र होतं. 'शाळेत डिजिटल साधन आहे का?' हो. 'अध्यापनात वापर होतो का?' मागच्या भेटीच्या प्रपत्रात इथेही हो. ते प्रपत्र मीच भरलं होतं, फोनवर विचारून.

ही गोष्ट फेब्रुवारी 2023 मधली. मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतला कंत्राटी साधनव्यक्ती, म्हणजे शाळांना भेटी देणारा आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणारा. महिनाभर आधी गटसाधन केंद्रात तंत्रस्नेही शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मीच घेतलं होतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर कसा उघडायचा, आशय आधीच डाउनलोड करून नेट नसताना कसा दाखवायचा, गूगल फॉर्मवर चाचणी कशी काढायची, मोबाइल टीव्हीला कसा जोडायचा. चाळीसजण होते. माना डोलत होत्या. शेवटी बॅनरसमोर फोटो, अभिप्रायाची लिंक, आणि सगळ्यांचे अभिप्राय 'अतिशय उपयुक्त'. मी खूश. आता वाटतं, ज्या लोकांनी नोकरीच्या अटीसाठी एमएस-सीआयटी केलंय, सरल पोर्टलवर रात्री बारा वाजता विद्यार्थ्यांची माहिती भरलीय, त्यांना बटणं कुठली दाबायची हे मी दोन दिवस शिकवत होतो.

शाळा कोयनेच्या जलाशयाच्या काठावरच्या एका वाडीतली. दोन शिक्षक, पहिली ते चौथी, पट अकरा. दुसऱ्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. गुरुजी अठ्ठावन्न पूर्ण व्हायला दोन वर्षं बाकी असलेले, स्वच्छ पांढरा शर्ट, अक्षर मोत्यासारखं. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घेणारे हेच.

"गुरुजी, वापरत का नाही?"

"वापरतो की सर. पंधरा ऑगस्टला काढतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. कपाटातून त्यांनी आणखी एक गोष्ट काढली, जडसंग्रह नोंदवही. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू तिच्यात चढते. घंटा, खुर्ची, तराजू, नकाशा, टीव्ही. चढायला एक ओळ पुरते. उतरायला मात्र निर्लेखन लागतं: प्रस्ताव, पाहणी, मंजुरी. तोवर वस्तू मोडकी असली तरी शाळेत हजर पाहिजे. बदली झाली की नव्या माणसाला कार्यभार देताना ओळीओळीवर बोट ठेवून ती दाखवावी लागते.

"माझ्या पहिल्या शाळेत रेडिओ होता," गुरुजी सांगू लागले. "पावसात भिंत खचली, रेडिओचा चुरा झाला. मी तो चुरा पोत्यात भरून ठेवला. बदली झाली तेव्हा सहा वर्षांनी पोतं उघडून दाखवलं, तेव्हा सुटलो. माझ्या शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी तुकडे फेकून दिले होते. त्यांना भरून द्यावे लागले पैसे. हा टीव्ही एका पोराच्या कोपरानं फुटला तर? दोन वर्षं राहिलीत माझी. पेन्शनच्या कागदात मला टीव्ही नको."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवसांच्या आमच्या वेळापत्रकात बारा तासिका होत्या. टीव्ही फुटला तर काय, यावर एकही नव्हती. आणि मी समजत होतो की वयस्कर शिक्षक यंत्राला भितात. यंत्राला कोण भितोय? नोंदवहीला भितात.

"आज मी पाठ घेऊन दाखवतो," मी म्हणालो. "जबाबदारी माझी."

"शेरेबुकात लिहून द्याल?"

प्रश्न इतक्या नम्रपणे आला की सुटका नव्हती. भेटीला आलेल्यानं शेरा लिहायची शाळेतली वही म्हणजे शेरेबुक. मी ते उघडलं आणि लिहिलं: 'आज माझ्या सूचनेवरून टीव्ही वर्गात लावण्यात आला. यापुढेही तो रोज वापरावा. वापरताना बिघाड झाल्यास तो वापरामुळे झाला असे समजावे, मुख्याध्यापकांचा निष्काळजीपणा समजू नये.' खाली सही, तारीख. असा शेरा लिहायचा मला काडीचा अधिकार नव्हता. माझं स्वतःचं कंत्राट दरवर्षी नव्याने होतं. उद्या मीच निर्लेखित झालो तर ही ओळ कुणाच्या कामाची? पण गुरुजींनी ती दोनदा वाचली, शेरेबुक मिटलं आणि कपाटातून टीव्ही स्वतः उचलला.

पाठ मी घरून तयार करून आणला होता. वाडीत रेंज नाही. वरच्या वळणावर एका दगडावर उभं राहिलं तर दोन काड्या येतात. म्हणून आदल्या रात्रीच उपग्रह-चित्रांचे चार स्क्रीनशॉट काढून पेन ड्राइव्हवर घेतले होते. शाळेचं छप्पर, वाडी, आख्खा जलाशय, सातारा जिल्हा. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तेव्हा जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं होतं, त्यात जिल्ह्याचा नकाशा होता. त्याला जोडून घ्यायचं, एवढाच बेत.

टीव्ही मी फळ्याजवळच्या टेबलावर ठेवला, कारण प्लग तिथे होता. पहिलं चित्र लावलं. निळे पत्रे दिसले आणि पोरं ओरडली, "आपली शाळा!" एकीनं स्वतःचं घर बोटानं टिपलं, दुसऱ्यानं पाण्याची टाकी. इथवर छान. मग मी विचारलं, "धरण कुठल्या बाजूला?"

चित्रात धरण खाली होतं. पोरांनी जमिनीकडे बोटं दाखवली. एकानं खिडकीकडे दाखवलं, तो बरोबर होता, पण चित्र बघून नव्हे, एसटी तिकडे जाते म्हणून. मी 'वर म्हणजे उत्तर, खाली म्हणजे दक्षिण' सुरू केलं. गुरुजी दाराशी उभे होते. त्यांना राहवेना.

"सर, टीव्ही चुकीच्या भिंतीला आहे."

फळा पूर्वेच्या भिंतीवर होता. पोरं पूर्वेकडे तोंड करून बसलेली, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला दक्षिण, आणि माझ्या चित्रात उजवीकडे पूर्व. चित्र एक सांगत होतं, पोरांचं अंग दुसरं. गुरुजी म्हणाले, तीस वर्षं ते नकाशा आधी जमिनीवर अंथरतात, उत्तर उत्तरेला करून, आणि पोरांना त्यावर चालायला लावतात. भिंतीवर टांगायचा तो त्यानंतर, आणि तोही उत्तरेच्या भिंतीला.

उत्तरेच्या भिंतीला प्लग नव्हता. एक मुलगा पळत जाऊन देवळातला एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला. ("हा जडसंग्रहात नाही," गुरुजी म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा पहिला विनोद.) टेबल सरकलं, पोरं फिरून बसली, आणि पुढची चाळीस मिनिटं मी नुसता पेन ड्राइव्ह सांभाळला. पाठ गुरुजींनी घेतला.

जलाशयाचं चित्र आलं तेव्हा वर्ग गप्प झाला. रोज ज्या पाण्यावर जातो ते वरून असं लांबडं, फाटे फुटलेलं, तापोळ्यापासून खाली धरणापर्यंत. काठानं तांबडा पट्टा. "ह्ये लाल काय हाय गुरुजी?" उत्तर दुसऱ्या पोरानंच दिलं: पाणी उतरतं तिथली माती, गुरं नेतो ती. मग गुरुजींनी नदीवरून बोट फिरवलं. महाबळेश्वराकडून उत्तरेकडून दक्षिणेला येते, हेळवाकला अचानक पूर्वेला वळते. सगळ्यांना उठवून त्यांनी तसंच चालायला लावलं. अकरा पोरांची कोयना खिडकीपाशी डावीकडे वळली. पाटणकडे.

"डावीकडं का? चित्रात तर उजवीकडं वळलीय," चौथीतल्या मुलीनं विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी चालत जाऊन बघितलं. दक्षिणेकडे तोंड करून चालणाऱ्याची पूर्व डाव्या हाताला येते. हे मला त्या वयात कुणी चालवून शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. ज्या पाण्याच्या चित्राकडे आम्ही बघत होतो त्यावर 1,960 मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, आणि आम्ही अंधाऱ्या पडद्यासमोर बसलो होतो. गुरुजींनी खडू घेतला, फरशीवर तोच जलाशय काढला आणि विचारलं, कुणाकुणाची आजी सांगते जुनं गाव पाण्यात गेलं म्हणून? सात हात वर झाले. ते सातजण खडूच्या पाण्यात उभे राहिले, आपापल्या अंदाजानं.

पुढच्या प्रशिक्षणात पहिली तासिका मी जडसंग्रह नोंदवहीवर घेतली. वरून विचारणा झाली, याचा तंत्रज्ञानाशी काय संबंध. मी वेळापत्रकात तिचं नाव 'साधनांचे व्यवस्थापन' असं लिहिलं, मग चाललं. त्या तासिकेला मात्र कुणी मोबाइल बघितला नाही.

एप्रिलमध्ये गुरुजींचा फोन आला. वरच्या वळणावरच्या दगडावरून असणार, आवाज तुटत होता.

"सर, टीव्हीवर रेघ आलीय."

माझ्या पोटात गोळा. शेरेबुकातली ओळ, सही, तारीख, सगळं डोळ्यासमोर. पॅनेलची रेघ म्हणजे टीव्हीच्या निम्म्या किमतीचा खर्च. "उभी का आडवी?" मी विचारलं.

"वाकडी. तापोळ्यापासून धरणापर्यंत. पोरांनी स्केचपेननं काढलीय. ओल्या फडक्यानं निघाली. नोंदवहीत लिहू का?"