विला एस्कुदेरो : पाण्यात पाय सोडून जेवण, बऱ्याच वर्षांनी परत

मनिलाला जाणारी आपली मंडळी तागायतायची थंड हवा खातात, इंत्रामुरोस हे जुनं तटबंदीचं शहर बघतात आणि परत येतात. पण हातात एक दिवस जास्तीचा असेल तर दक्षिणेला विला एस्कुदेरोला जाच, असं मी मनिलाच्या मकाती भागात नोकरीला होतो तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय. मधे बरीच वर्षं गेली, यावेळी बायको, मुलगी आणि आईला घेऊन गेलो आणि अजूनही तेच सांगेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही लागुना आणि केझोन प्रांतांच्या सीमेवरची नारळाची भलीमोठी इस्टेट आहे, 800 हेक्टरची. 1880 च्या दशकात सुरू झाली तेव्हा इथे ऊस होता, पुढच्या पिढीतल्या आर्सेनियो एस्कुदेरोंनी नारळ लावले, खोबऱ्याचा कारखाना काढला आणि त्याला वीज हवी म्हणून जलविद्युत केंद्रही उभं केलं. 1981 पासून लोकांना आत सोडायला लागले. तर त्या वीजकेंद्राच्या लाबासिन धरणाच्या सांडव्याखालीच हे पाण्यात बसून जेवायचं रेस्टॉरंट आहे. वरून पाणी भिंतभर पांढरं होऊन कोसळतं आणि खाली बांबूची टेबलं-बाकं मांडलेली, त्यांच्या पायांमधून पाणी वाहत जातं. घोट्यापर्यंत पाणी, वर नारळाची सावली, आणि ताटात भात, भाजलेलं चिकन, तिलापिया मासा, डुकराच्या पोटाचे भाजलेले तुकडे, केळी, नारळपाणी. जेवायचं हातानं, तिकडे कामायान म्हणतात, म्हणजे आपल्याला काही वेगळं शिकायला नको. आईनं साडी वर खोचली, चपला बाजूला ठेवल्या आणि निवांत बसली, मुलगी तर जेवण सोडून पायाखालचं पाणीच बघत होती.

खरं सांगायचं तर चवीसाठी म्हणून एवढ्या लांब जावं असं जेवण नाही, मनिलात यापेक्षा चांगला सिनिगांग, म्हणजे तिकडचा आंबट रस्सा, मिळतो. पण ते थंड पाणी पायावरून जात असताना गरम भात खाण्यात जे सुख आहे ते मला दुसरीकडे कुठेही मिळालेलं नाही, आणि म्हणूनच जेवण पंधरा मिनिटांत उरकून फोटोला पळू नका. आम्ही मुद्दाम भिंतीपासून दोन-तीन रांगा लांब बसलो, कारण अगदी जवळ तुषार ताटात येतात आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गर्दी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे, त्यामुळे जमलं तर आठवड्याच्या मधला दिवस पकडा. शनिवार-रविवार गेलात तर लोकनृत्यांचा कार्यक्रम बघायला मिळतो, रामोन ओबुसान यांनी बसवलेला, त्यात बांबूंमधून उड्या मारायचा तिनिकलिंगही असतो, तोही चुकवू नये असाच आहे. म्हणजे शांतता हवी की नाच, ते आधी ठरवा.

शाकाहारी लोकांनी नीट वाचा. भाजी दिसली म्हणून घेऊ नका, पिनाकबेत या मिसळीच्या भाजीत बागोओंग म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची चटणी असते, लुंपिया या रोलमध्ये बहुतेक वेळा डुक्कर, आणि साध्या रश्श्यातही पातिस म्हणजे माशाचं पाणी. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, मांस नको, मासा नको, बागोओंग नको, पातिस नको असं एकेक सांगा. आईला भाजलेल्या वांग्याचं सॅलड आवडलं, कांदा-टोमॅटो आणि व्हिनेगर घातलेलं, अगदी आपल्या भरताचं भावंड. त्यावर खारवलेलं अंडं घालायची पद्धत आहे, नको असेल तर आधीच सांगा. सोबत मेतकूट किंवा चटणीची पुडी असू द्या.

कपडे गुडघ्यापर्यंत दुमडता येतील असे, पायात मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल, कारण खालची फरशी शेवाळानं निसरडी होते आणि सुट्ट्या चपला वाहून जातात. म्हाताऱ्या माणसाला हात धरूनच न्या. फोन आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत. बुकिंग करताना दिवसाच्या पॅकेजमध्ये जेवण धबधब्यापाशीच आहे ना हे विचारून घ्या, आणि जून ते नोव्हेंबर वादळं-पावसाचे दिवस, तेव्हा निघायच्या आधी फोन कराच.

आत रेड्याची गाडी असते, गिटारवर गाणारी मंडळी सोबत बसतात, ती सकाळीच करून टाका, मग म्युझियम, मग जेवण. दुपारी बांबूचा तराफा.

जायचं कसं तर स्वतःची गाडी असेल तर एसलेक्स या दक्षिणेकडच्या एक्सप्रेसवेनं सान पाब्लोमार्गे, शुक्रवारी संध्याकाळी मात्र त्या रस्त्याला लागूच नका. बसनं जायचं तर लुसेनाची बस पकडायची, तियाओंगच्या अलीकडे विला एस्कुदेरोच्या गेटवर उतरायचं आहे असं कंडक्टरला चढतानाच सांगायचं. गेटपासून आत बरंच अंतर आहे, वयस्कर माणसं असतील तर ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल, करा आणि भाडं बसण्याआधी ठरवा. परतीची बस हायवेवरच हात दाखवून थांबवावी लागते, त्यामुळे अंधार पडायच्या आत गेटवर या.