दोन व्हायोलिनांमधले अंतर

गेले काही दिवस बाखच्या डी मायनरमधील दोन व्हायोलिनांच्या कन्चेर्टोची (एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची) जुनी ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ एक ऐकत आहे. एकलवादकाची खरी परीक्षा मोठ्या कन्चेर्टोत होत नाही, असे मला हल्ली वाटू लागले आहे आणि ते पडताळून पाहण्यासाठी याहून सोयीची रचना नाही. सिबेलिअसच्या किंवा चायकोव्हस्कीच्या कन्चेर्टोत वादकाने पुढे राहायचे हे मुळातच ठरलेले असते. ध्वनिमुद्रणात तर मायक्रोफोन त्याच्या इतका जवळ असतो की सभागृहातल्या कोणत्याही खुर्चीपर्यंत पोहोचणार नाही असा गजाचा तारेला होणारा पहिला स्पर्शही स्पष्ट ऐकू येतो. बाखने मात्र दोन्ही वादकांना जवळजवळ सारख्याच ओळी दिल्या आहेत. लार्गोची, म्हणजे मधल्या संथ भागाची, सुरुवात दुसरे व्हायोलिन करते, तीच धून पहिले व्हायोलिन वरच्या पंचमावरून उचलते, आणि पुढे एकाचा स्वर लांबलेला असताना दुसऱ्याने हलायचे, असे आळीपाळीने चालत राहते. ज्याचा स्वर लांबलेला आहे तो त्या वेळी काय करतो, हे मी ऐकत असतो. काही जण तो स्वर सजवतात आणि काही जण तो विरू देतात.

फ्रिट्झ क्राइस्लर आणि एफ्रेम झिंबालिस्ट यांचे ध्वनिमुद्रण १९१५ सालचे, म्हणजे मायक्रोफोन येण्याच्या दहा वर्षे आधीचे आहे. वादकांनी थेट ध्वनिमुद्रण यंत्राच्या कर्ण्यात वाजवायचे आणि कोण कर्ण्यापासून किती अंतरावर उभा आहे यावरच आवाजाचा तोल राखायचा, अशी तेव्हाची रीत होती. पूर्ण वाद्यवृंद त्या कर्ण्यासमोर मावणे कठीण, म्हणून साथीला केवळ स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच, घेतले गेले. गंमत अशी की या अडचणीमुळे कन्चेर्टोचे आपोआप चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचे संगीत, झाले. खर्ज जवळजवळ नाहीच, खरखर पुष्कळ; तरीही दोघे एकमेकांचे ऐकून वाजवत आहेत हे लपत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची तेव्हाची सवय दोघांनाही आहे, परंतु ते एकाच जागी आणि एकाच प्रमाणात सरकत नाहीत, आणि त्यामुळेच कोणाचे व्हायोलिन कोणते ते ओळखू येते. क्राइस्लर १९१४ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यातून रशियाविरुद्धच्या आघाडीवर लढला होता आणि जखमी होऊन सैन्यातून मुक्त झाला होता. झिंबालिस्टचा जन्म रशियातल्या रोस्तोवचा. महायुद्ध चालूच असताना हे दोघे अमेरिकेत एका कर्ण्यासमोर उभे राहिले होते.

यहुदी मेन्युहिन आणि जॉर्ज एनेस्कू यांनी १९३२ साली पॅरिसमध्ये पिएर मोंतेच्या संचालनाखाली हीच रचना मुद्रित केली. शिष्य सोळा वर्षांचा, गुरू पन्नाशीचा. याच वर्षी मेन्युहिनने लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत इंग्लिश संगीतकार एल्गारचा व्हायोलिन कन्चेर्टो स्वतः एल्गारच्या संचालनाखाली मुद्रित केला, आणि ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली तर एकच मुलगा दोन निराळ्या माणसांसारखा वाजवताना भेटतो. एल्गारमध्ये तो मोकळा सुटलेला आहे. बाखमध्ये त्याचा स्वर अधिक तेजस्वी असूनही वाक्य कुठे श्वास घेईल हे एनेस्कू ठरवत आहे, असे मला प्रत्येक वेळी जाणवते. आणि गुरूच्या आवाजात शिष्याला झाकण्याची इच्छा कुठेच नाही. लार्गोचे इतके निवांत वादन मी फार थोड्या ठिकाणी ऐकले आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम चार-साडेचार मिनिटांची असे, म्हणजे संथ लार्गो एका बाजूत बसणारच नाही. तो बसवण्याची घाई या दोघांच्या वादनात उतरलेली नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे.

यानंतर याशा हायफेट्झचे १९४६ चे ध्वनिमुद्रण लावले. यात दोन्ही व्हायोलिने त्यानेच वाजवली आहेत. आधी एक भाग मुद्रित करून दुसरा त्यावर चढवला आहे. सुरेलपणा, गजाची सफाई, जलद भागातली धार, कशातही बोट ठेवायला जागा नाही, आणि तरीही मला ते अर्ध्यावर बंद करावेसे वाटले. दोन्ही आवाज एकाच वेळी एकच निर्णय घेतात. पहिल्याने काही सुचवावे आणि दुसऱ्याने ते मान्य करावे किंवा किंचित बदलून परत द्यावे, याला जागाच उरत नाही, कारण दुसऱ्याला सर्व आधीच ठाऊक असते. अर्थात हायफेट्झला साथीत वाजवता येत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन आणि चेलोवादक ग्रेगोर प्यातिगोर्स्की यांच्यासह १९५० मध्ये मुद्रित केलेल्या चायकोव्हस्कीच्या ट्रिओत (तीन वाद्यांच्या रचनेत) तो चेलोसाठी वाट मोकळी करून देतो; नावे कोणत्या क्रमाने छापायची यावरून त्याचे आणि रुबिनस्टाइनचे खटके उडाले, तो भाग वेगळा. मात्र याच्याशेजारी अल्फ्रेड कोर्तो (पियानो), जाक थिबो (व्हायोलिन) आणि पाब्लो कासाल्स (चेलो) यांचे १९२६ मधील शूबर्टच्या बी फ्लॅट ट्रिओचे ध्वनिमुद्रण ठेवले की फरक कळतो. तिथेही तिघे नामांकित एकलवादकच आहेत, पण कासाल्स धून संपवतो तेव्हा ती थिबोच्या हाती सोपवूनच संपवतो.

कन्चेर्टोतही हे घडू शकते, फक्त तिथे जोडीदार संचालक असतो. चेलोवादक जॅकलिन दु प्रेने १९६५ साली लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये एल्गारचा चेलो कन्चेर्टो मुद्रित केला तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्या ध्वनिमुद्रणाबद्दल लिहिताना सर्व जण तिच्या आवेगाबद्दल लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण समोर उभे असलेले संचालक जॉन बार्बिरोली स्वतः चेलोवादक होते आणि १९१९ साली या रचनेच्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदात बसून वाजवत होते, हेही विसरता येत नाही. ती एखाद्या स्वरावर अपेक्षेहून जास्त रेंगाळते तेव्हा वाद्यवृंद तिच्यासाठी थांबल्यासारखा वाटत नाही, तर तिच्याबरोबर रेंगाळतो.

हायफेट्झने १९६१ साली बाखचा तोच कन्चेर्टो पुन्हा मुद्रित केला, या वेळी एरिक फ्रीडमन या आपल्या शिष्याबरोबर. आज तेही दोनदा ऐकले. गती पूर्वीसारखीच कडक आहे आणि फ्रीडमनच्या वादनावर गुरूची छाप इतकी स्पष्ट आहे की काही ठिकाणी दोघांत गल्लत होते. पण लार्गोमध्ये शिष्य एखादा स्वर जरा जास्त गोलाई देऊन सोडतो आणि गुरूला त्यानंतर प्रवेश करावा लागतो. तेवढ्या जागी हायफेट्झचा गज १९४६ मध्ये कधीच वाजला नव्हता इतका सावध वाजतो. मला हेच ध्वनिमुद्रण अधिक आवडले.