भारताकडून खेळण्याआधी भारतीय व्हावे लागते: माझा अनुभव

माझ्या मुलीने फुटबॉलच्या निवड चाचणीच्या अर्जात नागरिकत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ असे लिहिले होते. प्रशिक्षक सरांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि अर्ज माझ्या हातात परत दिला. तिचा जन्म 2005 साली न्यू जर्सीत झाला, कारण मी तेव्हा तेथे नोकरीला होतो. 2011 मध्ये आम्ही नागपूरला कायमचे परतलो, तिचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) काढले, पुढे आधार कार्डही झाले, आणि कामठीच्या मैदानावर तेथील मुलांबरोबर खेळत ती मोठी झाली. ती परदेशी आहे हे आमच्या घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. परंतु आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे.

त्यानंतर मी नियम वाचायला बसलो, आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, येथे दोन स्वतंत्र दरवाजे आहेत. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमाप्रमाणे खेळाडूकडे त्या देशाचे कायमस्वरूपी, केवळ तेथील वास्तव्यावर अवलंबून नसलेले नागरिकत्व असावे लागते. नागरिकत्व नव्याने घेतलेले असेल, तर त्याशिवाय एखादा खरा धागाही दाखवावा लागतो: खेळाडूचा स्वतःचा जन्म त्या देशातला, किंवा आई-वडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म तेथला, किंवा ठरावीक वर्षांचे वास्तव्य. दहाव्या वर्षाच्या आत राहायला आलेल्या खेळाडूला तीन वर्षे पुरतात, तर अठरा वर्षांनंतर आलेल्याला पाच वर्षे लागतात. हा दरवाजा बराच रुंद आहे. 2022 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या 26 पैकी 14 खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेर झाला होता.

भारताचा दरवाजा मात्र अरुंद आहे. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही आणि क्रीडा मंत्रालयाच्या 2008 च्या धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असलेल्या खेळाडूलाच देशाचे प्रतिनिधित्व करता येते. जपानमध्ये जन्मलेल्या फुटबॉलपटू इझुमी अराताने जपानचे नागरिकत्व सोडले, तेव्हाच 2013 मध्ये त्याला भारताकडून खेळता आले. म्हणून माझे सांगणे असे की, ज्यांची मुले या स्थितीत आहेत त्यांनी फिफाची कलमे मागाहून वाचावीत आणि आधी नागरिकत्व कायदा, 1955 उघडावा.

त्या कायद्याचे कलम 5(1)(g) आम्हाला लागू पडत होते. अर्जदार सज्ञान असावा, किमान पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असावा आणि अर्जाच्या लगतपूर्वी बारा महिने भारतात राहिलेला असावा, अशी त्यात अट आहे. येथेच आमची पहिली चूक झाली. बारावीच्या परीक्षेनंतर मुलगी तीन आठवडे मावशीकडे अमेरिकेला जाऊन आली होती. विशेष परिस्थितीत तीस दिवसांपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे, पण मावशीला भेटणे ही विशेष परिस्थिती ठरेल असे मला वाटले नाही, म्हणून ती परतल्या दिवसापासून पुन्हा बारा महिने मोजले आणि मगच अर्ज भरला.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची असते. तेथून तो राज्य शासनाकडे आणि पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. मध्ये पोलीस चौकशी होते. आमच्याकडे आलेले हवालदार सभ्य होते. त्यांनी शेजारच्या काकूंना मुलीबद्दल विचारले आणि काकूंनी त्यांना तिच्या पहिलीपासूनच्या गोष्टी सांगितल्या. त्यानंतर केवळ वाट पाहणे होते. 5 जुलै 2025 ला आपल्या महिला संघाने चियांग माईमध्ये थायलंडला 2-1 ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, तेव्हा आमचा अर्ज दिल्लीत पडून होता. ती बातमी वाचून मुलगी आनंदाने रडली आणि मग बराच वेळ गप्प बसली.

त्याच काळात मी फुटबॉलसाठी लागणारी कागदपत्रे आधीच गोळा करून ठेवत होतो. वास्तव्याचा मार्ग आम्हाला मोकळा होताच, पण शाळेच्या वर्षावर्षाच्या दाखल्यांपेक्षा माझा एक जन्मदाखला भक्कम पुरावा ठरेल असे वाटले. पत्नीचा जन्म आजोळी, भंडारा जिल्ह्यात घरीच झालेला असल्याने त्याची नोंदच नाही. माझी नोंद नागपुरात सापडली, परंतु नावाची जागा कोरी होती. वडिलांचे नाव, आईचे नाव, तारीख आणि पुढे फक्त ‘पुरुष’. पन्नास वर्षे मी कोणाचा मुलगा आहे एवढेच त्या वहीला ठाऊक होते. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र देऊन नाव चढवण्यास चार खेपा पडल्या. एका खिडकीवरच्या माणसाने “एवढ्या जुन्या कागदाचे काय करता?” असे विचारलेही. सप्टेंबर 2025 मध्ये फिफाने मलेशियाच्या सात खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली आणि तेथील महासंघाला 3,50,000 स्विस फ्रँकचा दंड केला, कारण त्या खेळाडूंच्या आजी-आजोबांच्या जन्माच्या कागदपत्रांत फेरफार झाला होता आणि मूळ नोंदी निराळेच सांगत होत्या. ते वाचल्यावर त्या चार खेपांचे मला काहीच वाटेनासे झाले.

गृह मंत्रालयाचे स्वीकृतीपत्र आले, आणि त्यानंतरच, त्याआधी नव्हे, अमेरिकेचे नागरिकत्व सोडायचे असते. विदर्भ एक्सप्रेसने आम्ही मुंबईला गेलो. वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलगी एकटीच आत गेली. हा निर्णय स्वतःच्या इच्छेने घेत आहेस का आणि तो मागे घेता येत नाही हे तुला समजते का, असे तिला पुन्हापुन्हा विचारण्यात आले, आणि तिने उजवा हात वर करून शपथ वाचली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “बाबा, शेवटचे वाक्य वाचताना आवाज कापला, पण थांबले नाही.” नागरिकत्व संपल्याचे प्रमाणपत्र येईपर्यंतचे आठवडे कठीण गेले, कारण तिच्या हातात कोणत्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. पुढे नागपुरात संविधानाशी निष्ठेची शपथ झाली, नोंदणी प्रमाणपत्र मिळाले, ओसीआय कार्ड परत केले आणि पासपोर्टचा अर्ज केला.

तिने अमेरिकेकडून कधीही सामना खेळलेला नसल्याने महासंघ बदलण्याची, म्हणजे एका देशाऐवजी दुसऱ्याकडून खेळण्याची, वेगळी परवानगी लागणार नाही, याचे मला समाधान आहे. ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेल्या रायन विल्यम्सला 2025 मध्ये भारतीय पासपोर्ट मिळाल्यावरही त्या कागदासाठी थांबावे लागले होते.

पासपोर्ट आला त्या संध्याकाळी आम्ही तो घेऊन मैदानावर गेलो. सरांनी हात पुसून तो उघडला, नागरिकत्वाची ओळ वाचली आणि पुन्हा तिच्या हातात दिला. “उद्या साडेपाचला ये,” ते म्हणाले. “डावा पाय अजून कच्चा आहे तुझा.”