डाव्या मॅग्नेटोचा ड्रॉप सापडला, आणि आमचा हिशेबही बदलतोय

सापडलं एकदाचं! शनिवारी सकाळी सव्वासातला कराडजवळ वारुंजीच्या धावपट्टीवर आमच्या चौघांच्या सेसना १५२ विमानाचा रन-अप (उडण्याआधीची इंजिनाची चाचणी) घेतला. प्लगना ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन, प्रत्येक सिलिंडरला दोघांचा एकेक प्लग; एकट्या मॅग्नेटोवर इंजिन चालवलं की फेरे जितके घटतात तो त्याचा ड्रॉप. १७०० आरपीएम, उजवा ७०, डावा ६५. खात्री म्हणून परत घेतला, परत ६५. मागच्या नोंदीत याच डाव्याचा ड्रॉप १९० लिहिला होता. १५२ च्या पुस्तकात मर्यादा १२५ ची आणि दोघांतला फरक ५० च्या आत.

तीन आठवडे विमान उभं होतं. हँगरभाडं, विमा, एआरसी (उड्डाणयोग्यतेच्या तपासणीचं प्रमाणपत्र) यांचा खर्च विमान उडो न उडो चालूच राहतो, आणि चौघांत वाटला तरी तो जिवाला लागतो. सगळ्यांत वाईट वाटत होतं आमच्या सांगलीच्या पोरीचं. इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास तिनं मान्यताप्राप्त संस्थेत केले, पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) हातात आहे. सीपीएलच्या (व्यावसायिक परवान्याच्या) २०० तासांतले पीआयसीचे (स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून उडवायचे) १०० परवडावेत म्हणून तर ती भागीदारीत आली.

आधी नेहमीचा उपाय केला. मिक्श्चर लीन करून (हवेत मिसळणारं पेट्रोल कमी करून) २००० वर मिनिटभर ठेवलं, ड्रॉप ८० वर आला. एक सर्किट (धावपट्टीभोवती फेरी) मारून उतरलो तर १८०. मग एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) साहेबांसमोर आठही प्लग काढले. खालच्या प्लगांत शिशाचे करडे मणी, मोहरीएवढे, घट्ट बसलेले. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं आणि आमचं ओ-२३५-एल२सी इंजिन, ही जोडी त्यासाठी प्रसिद्धच आहे. आमचे कराडचे भागीदार दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी आणलेल्या बारीक आकड्यानं एकेक मणी उकरून काढला. पुढचं साफ करणं आणि तपासणी एका वर्कशॉपकडे दिली. त्यांनी दाबाखाली ठिणगी पाडून दाखवली आणि आठही पास केले. बसवले, दोन दिवसांत ड्रॉप १७०.

एका पुरवठादारानं न बघताच फोनवर सांगितलं, मॅग्नेटो बदला. तासाला १२०० रुपये बाजूला टाकून जमवलेला इंजिन फंड (२४०० तासांच्या ओव्हरहॉलसाठी) असा फोडायचा? मी नाही म्हणालो, आणि त्यावर आमच्यात थोडी वादावादीही झाली.

कल्पना पोरीची. इंजिन डाव्यावर मिनिटभर चालवायचं, बंद करायचं आणि लगेच चारही एक्झॉस्टवर इन्फ्रारेड गन धरायची. तीन पाइप तापलेले, तिसऱ्या सिलिंडरचा गार. साहेबांनी तिसऱ्याचा खालचा प्लग पहिल्याच्या खाली बसवला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. परत चालवलं. "काका, आता पहिला गार!" म्हणजे मॅग्नेटो नाही, हार्नेस (प्लगच्या वायरी) नाही, दोष प्लगबरोबर फिरतोय.

माझं दुकान मोटार रिवाइंडिंगचं, मल्टिमीटर गाडीत असतोच. प्लगच्या आतला रेझिस्टर मोजला: १९ किलोओहम. ५ च्या वर गेला की प्लग काढावा. बाकीचे १ ते २ च्या दरम्यान, आणखी एक निघाला ७ चा. टेस्टरवर ठिणगी दिसते म्हणून प्लग चांगला, यावर मी आता विश्वास ठेवणार नाही. ५० तासांना आठही मोजायचे आणि कुठला प्लग कुठल्या भोकात होता ते वहीत लिहायचं. दोन नवे आर-ई-एम ३७ बी-वाय टाकलेत. लांब नाकाचे हे प्लग या इंजिनात कमी माखतात, तेव्हा महाग असले तरी हळूहळू आठही तेच घेऊ.

पण शिसं साचतं कशानं? जमिनीवर फुल रिच मिक्श्चर आणि ८०० वर रेंगाळणं. इथे आमच्या हिशेबातली खोट दिसली. आम्ही टॅकच्या (इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मीटरच्या) तासावर पैसे घेतो. १००० आरपीएमवर टॅक घड्याळाच्या निम्म्याहूनही हळू सरकतो, त्यामुळे दहा मिनिटं उभं राहणाऱ्याला ती जवळपास फुकट पडतात आणि प्लग चौघांचे माखतात. म्हणून हॉब्सवर (इंजिन चालू असेल तेवढा घड्याळी वेळ मोजणाऱ्या मीटरवर) जायचं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता मात्र वाटतंय की हॉब्सवर पैसे लागले तर कुणीतरी रन-अप घाईत उरकेल, आणि ते मला अजिबात नको. त्यापेक्षा इंजिन फंड टॅकवरच ठेवू आणि इंधन प्रत्येक फेरीनंतर डिपस्टिकनं मोजून ज्याचं त्यानं भरायचं. तासाला २२-२३ लिटरच्या वर गेलं की लीन करायला विसरलो हे आपोआप कळेल. आज रात्री तिघांना विचारतो.

एप्रिल संपत आला. धावपट्टी १९०० फुटांवर, दुपारी ३८ अंशांना घनता-उंची (गरम, विरळ हवेमुळे विमानाला भासणारी उंची) ५००० च्या वर जाते, त्यामुळे निघायचं ते पहाटेच. पोरीची सीपीएलसाठीची ३०० सागरी मैलांची क्रॉस-कंट्री (लांबचं उड्डाण) कराड, बेळगाव, सोलापूर, कराड अशी आखली आहे, ३२० च्या आसपास भरते. दोन्हीकडे फुल स्टॉप, म्हणजे उतरून पूर्ण थांबायचं. येत्या शनिवारी हवा बरी असेल तर ती निघेल. रेझिस्टरचे आठही आकडे तिनं स्वतः वहीत उतरवून ठेवलेत.